मूठ

आजीवर कुणीतरी मूठ मारलीय, असं गावात बोलायचे. मूठ मारणं म्हणजे करणी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, कुणीतरी खरंच तिच्या मुठीवर काहीतरी जड हाणलं असणार. बिघडली होती ती मूठच ना. बोटं सगळी करंगळीच्या अंगाला कललेली, वाऱ्याने एका बाजूला झुकलेल्या ज्वारीसारखी. बोटांच्या मुळाशी टेंगळं. सकाळी चुलीपुढे बसून ती दोन्ही हात आचेवर धरायची. चहा होऊन गार व्हायचा, हात तिथेच. "थांब गं, हात उमलू देत," म्हणायची.

भिगवणच्या पलीकडे, उजनीच्या पाण्याच्या काठाला आमचं गाव. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात ते बघायला आता पुण्याहून गाड्या भरभरून लोक येतात. तेव्हा त्या पाण्याची आम्हाला एकच ओळख होती: ते आलं आणि आजीची नदीकाठची जमीन गेली. त्या पाण्यात उभं राहून कामं केली म्हणून वात धरला, हे करणीनंतरचं दुसरं निदान. तिसरं बाळंतपणाचं. धाकट्या काकाच्या वेळी नीट शेक-शेगडी झाली नाही, थंडी अंगात शिरली. आता कळतं, की या तिसऱ्यात तथ्य होतं. गरोदरपणात हा आजार कित्येकींचा आपोआप निवतो आणि बाळंतपणानंतर थोड्याच महिन्यांत उसळून येतो. गावच्या बायकांनी बरोबर पाहिलं होतं. शेगडीवर उगाच आळ आला, एवढंच.

वैद्य त्याला आमवात म्हणायचे. माधवनिदान या हजार वर्षांहून जुन्या ग्रंथात आमवाताचं स्वतंत्र प्रकरण आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव त्या मानाने कालचं, लंडनच्या गॅरॉड नावाच्या डॉक्टरांनी १८५९ साली दिलेलं. म्हातारपणी गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा, हे मला दर लग्नकार्यात एकदा तरी सांगावं लागतं. त्यात सांधा वापराने झिजतो. हा सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तराला सूज आणतो, अस्तर फुगत जातं आणि शेजारचं हाड-कूर्चा खायला लागतं. तिशी-चाळिशीतही होतो. पुरुषांपेक्षा बायकांना सुमारे तिप्पट.

आजीची औषधं पुष्कळ झाली. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, सुंठीच्या काढ्यात एरंडेल. मग पुडी आली. दर बाजाराला एक माणूस यायचा, कागदाच्या पुड्या बांधून द्यायचा. पहिली पुडी घेतली आणि तिसऱ्या दिवशी आजीने स्वतः भाकरी थापली. आई सांगते, घरात सगळे रडले. पुढची तीन-चार वर्षं पुडीची. आजीचा चेहरा गोल झाला, गाल वर आले. लोक म्हणाले, म्हातारीने बाळसं धरलं. एखादा बाजार चुकला, पुडी संपली, की ती अंथरुणावरून उठू शकायची नाही. मग साखर निघाली. मग साध्या शिंकेने पाठीचा मणका दबला. त्या पुडीत काय होतं हे कुणी तपासलं नाही, पण ही लक्षणं आज कुठल्याही डॉक्टरला सांगा, तो पुडी न बघता सांगेल: स्टेरॉइड.

त्या पुडीचं मूळ शोधत गेलं की अमेरिकेत, मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये पोचता येतं. फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरांकडे १९२९ च्या एप्रिलमध्ये एक रुग्ण आला, स्वतः डॉक्टरच. तो म्हणाला, मला कावीळ झाली आणि माझे सांधे दुखायचे थांबले. एखाद्याने हसून सोडून दिलं असतं. हेंचनी लिहून ठेवलं, आणि मग असेच आणखी रुग्ण शोधले. गरोदर बायकांचंही तसंच होतं हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे शरीरात असं काहीतरी तयार होत असणार, जे हा आजार झोपवतं. त्याला त्यांनी नुसतं 'एक्स' म्हटलं. मग सुरू झाला प्रयोगांचा एक केविलवाणा सिलसिला: रुग्णांना पित्त पाजून बघितलं, कावीळ झालेल्यांचं रक्त देऊन बघितलं. काही उपयोग नाही. वीस वर्षं हा माणूस एका 'एक्स'च्या मागे होता. त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडावरच्या ग्रंथींमधून एकेक संयुग वेगळं काढत होते, त्यातल्या एकाला नाव होतं 'संयुग ई'. २१ सप्टेंबर १९४८ रोजी ते एका २९ वर्षांच्या बाईला टोचलं. अंथरुणात कुशीवर वळता येत नव्हतं तिला. आठवड्याभरात ती गावात बाजारहाट करून आली. हेच कॉर्टिझोन. १९५० साली हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. ते औषध प्रयोगशाळेत बनवायला गुरांच्या पित्तापासून सुरुवात करावी लागायची, तीसहून जास्त पायऱ्या. हेंच वीस वर्षं काविळीच्या पित्तात जे शोधत होते ते पित्तात नव्हतंच, आणि शेवटी बनलं ते मात्र पित्तापासूनच.

नोबेलच्या आसपासच गोल चेहरे, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर हे सगळं दिसू लागलं होतं. सूज झोपते, आजार आतून चालूच राहतो. मिनेसोटात जे दोन-चार वर्षांत कळलं, ते आमच्या बाजारात चाळीस वर्षांनीही पोचलं नव्हतं. पुडी मात्र पोचली होती.

आजीच्या हातात एक पाटली होती. हात सुजल्यावर ती मनगटात अडकली आणि पुढे-पुढे खाली रुतायला लागली. साबण लावून झाला, तेल लावून झालं. शेवटी सोनार घरी आला आणि त्याने बारीक करवतीने पाटली कापली. मी बघत होते. आजी हाताकडे न बघता छताकडे बघत होती. ती कापलेली पाटली आईकडून माझ्याकडे आली आहे, तशीच, फटीसकट. आई म्हणते मोडून टाक.

सोनं हे या आजाराचं एके काळचं खरंखुरं औषध होतं, हे मला फार उशिरा कळलं. फ्रान्सच्या झाक फोरेस्तिए यांनी १९२९ साली (हेंचकडे तो काविळीचा डॉक्टर आला, तेच साल) सोन्याच्या क्षारांचे गुण जाहीर केले. त्यांचा विचार असा: सोन्याची संयुगं क्षयाच्या जंतूंना मारतात असं कॉख यांनी १८९० मध्ये काचेच्या नळीत दाखवलं होतं, हा सांध्यांचा आजारही क्षयाचाच भाऊबंद असावा, मग देऊन बघू. आजार क्षयाचा भाऊबंद नव्हता. क्षयावर सोनं चाललंही नाही. पण सांध्यांवर काही जणांना चाललं, आणि १९६० साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतही ते टिकलं. आठवड्याला ५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, एकूण एक ग्रॅम होईपर्यंत. त्या क्षारात सोनं जेमतेम अर्धं. म्हणजे मंगळसूत्राच्या एखाद-दुसऱ्या मण्याएवढं सोनं शरीरात जायचं. आजीला ते कधी मिळालं नाही. तिच्या वाट्याचं सोनं मनगटावरच राहिलं.

स्वीडनच्या नान्ना स्वार्त्स या डॉक्टरबाईंचंही असंच. आजार जंतूंमुळे होतो असं धरून त्यांनी जंतुनाशक सल्फा आणि सॅलिसिलिक आम्ल यांची गाठ मारून एक औषध बनवून घेतलं. जंतूंची कल्पना टिकली नाही. सल्फासॅलाझिन टिकलं. अजूनही लिहून देतात.

माझी गोष्ट २०१६ च्या गणपतीत सुरू झाली. मोदकाला कळ्या पाडता येईनात. पारी हातात आणि चिमूट मिटत नाही. त्या वर्षी पुण्यात चिकनगुनियाची साथ होती, गल्लीतलं निम्मं लोक भिंतीला धरून चालत होतं. पहिल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं: साथ आहे, दोन-तीन महिने दुखणारच. ते अगदीच चुकीचं नव्हतं, चिकनगुनिया सांधे महिनोन् महिने धरून ठेवतो. फक्त मला ताप आलाच नव्हता, आणि तो आला होता का हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्यांनी ड जीवनसत्त्व कमी काढलं. ते कुणाचं कमी नसतं? तिसऱ्यांनी आरए फॅक्टर तपासायला लावला. निगेटिव्ह आला. "तुम्हाला वात नाही," ते म्हणाले, आणि मी परतताना चितळ्यांची बाकरवडी घेऊन आले. अडतीस वर्षांच्या बाईने आपल्याला काही झालं नाही म्हणून साजरं करावं, आणि ते पाकीट फोडायला नवऱ्याला हाक मारावी.

आरए फॅक्टर हा नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० साली टिपलेला रक्तातला पदार्थ. चांगली तपासणी आहे, पण दर चार-पाच रुग्णांत एकाच्या रक्तात तो सापडत नाही, आणि ठणठणीत म्हाताऱ्यांच्या रक्तात कधीकधी सापडतो. हे मला सांगितलं चौथ्या डॉक्टरांनी, अकरा महिन्यांनंतर. या बाई ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट होत्या. असे खास डॉक्टर असतात हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी रिपोर्टची फाइल बाजूला ठेवली आणि माझा हात हातात घेऊन बोटांची मुळं आडवी दाबली, आपण लिंबू पिळण्याआधी चाचपतो तशी. मी ओरडले. मग त्या म्हणाल्या, "ताई, सकाळी मूठ वळायला किती वाजतात?"

किती दुखतं असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं, किती वाजतात. मी हिशोब केला: दुधाची पिशवी मी कात्रीने कापते, दोन्ही हातांनी कात्री धरून. चहा नवरा गाळतो. लेकीची वेणी ती स्वतः घालायला शिकली. डबा होता होता बोटं जरा सुटतात. "साडेनऊ," मी म्हणाले. उठत होते सहाला.

या प्रश्नाने आजीची चूल माझ्या डोळ्यांपुढे आली. हात उमलू देत.

झिजेच्या संधिवातात सकाळचा कडकपणा बहुधा अर्ध्या तासात जातो. सुजेच्या आजारात तो तासाहून जास्त रेंगाळतो. सगळ्या तपासण्यांच्या आधी ही एक तपासणी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत, फक्त कुणीतरी विचारावं लागतं. नंतर अँटी-सीसीपी नावाची दुसरी रक्ततपासणी केली, १९९८ मध्ये नेदरलँड्समध्ये पुढे आलेली. तिचा आकडा एवढा वर होता, की प्रयोगशाळेने 'पेक्षा जास्त'ची खूण करून सोडून दिलं होतं.

सीसीपीतला पहिला सी म्हणजे सायक्लिक, दुसरा सी सिट्रुलिनचा. शरीराच्या प्रथिनांत आर्जिनिन नावाचा एक घटक असतो. सूज असेल तिथे एक विकर त्याचं किंचित रूप बदलून सिट्रुलिन करतं. बदल एवढासा, की रेशनकार्डावरच्या नावात एक वेलांटी चुकावी. पण खिडकीपलीकडचा माणूस, म्हणजे इथे शरीराची प्रतिकारयंत्रणा, म्हणतो, हे नाव तुमचं नाही. प्रत्येकाच्या बाबतीत तो असं म्हणत नाही. १९८७ मध्ये पीटर ग्रेगरसन यांनी दाखवलं, की ज्यांना हा आजार होतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या प्रतिकारयंत्रणेच्या एका जनुकात एक समान तुकडा असतो, आणि पुढे कळलं, की बदललेली वेलांटी त्या तुकड्यात नेमकी चपखल बसते. स्वीडनमध्ये लार्स क्लारेस्कोग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तिसरा दुवा जोडला: असं जनुक आणि वर सिगारेट, तर धोका कित्येक पटींनी चढतो, कारण धुराने फुप्फुसातच ही वेलांट्यांची उलथापालथ सुरू होते. म्हणजे आजार सांध्यांत दिसतो, पण तिथे सुरू होतोच असं नाही. हिरड्यांचा एक जंतू स्वतःच हे विकर बनवतो, म्हणून आता तोंडाकडेही बघतात. आजीला मिश्रीची सवय होती आणि हिरड्या कायम सुजलेल्या. हे वाचताना ती आठवली. त्यापुढे मी काही म्हणत नाही.

मला मिळाली ती रविवारची गोळी. मेथोट्रेक्सेट. चिठ्ठीवर 'फक्त रविवारी' लाल शाईत, दोनदा अधोरेखित. आठवड्याची गोळी रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, अस्थिमज्जा रक्त बनवायचं थांबवते, माणसं दगावली आहेत. म्हणून आमच्या फ्रिजवर रविवारचं चुंबक आहे.

या गोळीची वंशावळ मला एखाद्या घराण्याच्या बखरीसारखी वाटते, आणि तिची सुरुवात मुंबईत आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायका एका विचित्र पांढुरकेपणाने खंगत होत्या, मरत होत्या. विल्सनी पुष्कळ शोधल्यावर त्यांना यीस्टचा अर्क चारला, आणि त्या बऱ्या झाल्या. त्या अर्कात जे होतं तेच पुढे फॉलिक ॲसिड ठरलं. ते प्रयोगशाळेत बनवलं अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत, यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या गटाने. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच गटाने मग फॉलिक ॲसिडचे तोतये बनवले: दिसायला तेच, पण पेशीत शिरून काम अडवणारे. त्यातल्या एकाने १९४८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाची मुलं काही काळ तरी बरी झाली. दुसरा तोतया म्हणजे मेथोट्रेक्सेट. सुब्बाराव त्याच वर्षी गेले. १९५१ मध्ये असा तोतया सांध्यांवर चालतो हे गुब्नर यांनी लिहिलं होतं, पण तेव्हा सगळे कॉर्टिझोनच्या वरातीत नाचत होते. सांध्यांसाठी त्याची रीतसर चाचणी मायकल वाइनब्लॅट यांची, १९८५ ची. चौतीस वर्षं औषध फळीवर होतं.

मी रविवारी तोतया घेते आणि मंगळवारी असली फॉलिक ॲसिड, तोतयाचा त्रास कमी व्हावा म्हणून. त्या मंगळवारच्या पिवळ्या गोळीशी मला गिरणगावातल्या त्या बायका दिसतात. सोमवारी मात्र काही दिसत नाही, अन्नावर वासना नसते आणि मी कुणाशी धड बोलत नाही. घरच्यांना सवय झाली आहे.

दवाखान्यात माझ्या शेजारी एक ताई बसायच्या, त्यांना गोळीने भागलं नाही. त्यांना महागडं इंजेक्शन सुरू झालं. त्याची कथा लंडनची आणि थोडी लुधियानाचीही, कारण रवींदर मैनी तिथे जन्मले. त्यांनी आणि मार्क फेल्डमन यांनी सुजलेल्या सांध्यांतल्या पेशी ताटलीत वाढवल्या. सूज पेटवणारे निरोपे तिथे डझनभर होते. त्यातल्या एकाला अडवून काय होणार, असं बहुतेकांचं मत. फियोन्युला ब्रेनन यांनी १९८९ मध्ये टीएनएफ नावाच्या एकट्या निरोप्याला अडवून बघितलं आणि दुसरे निरोपेही गप्प झाले. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात पहिल्या रुग्णांना टीएनएफला अडवणारं प्रतिपिंड दिलं. तेही आधी दुसऱ्याच रोगासाठी, रक्तातल्या जंतुसंसर्गासाठी आजमावलेलं आणि तिथे न चाललेलं. भारतात या जातीच्या एका औषधाची देशी आवृत्ती २०१४ च्या डिसेंबरात आली, तरी ताईंच्या यजमानांनी पीएफ काढला.

इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी करतात. टीएनएफ शरीरात झोपलेल्या क्षयाला कोंडून ठेवतो. त्याला अडवलं की दार उघडतं, हे २००१ मध्ये ठळक झालं. फोरेस्तिएंनी सांध्यांचा आणि क्षयाचा संबंध भलत्याच जागी शोधला होता. संबंध होता, पण दुसऱ्या दाराने आला.

भिगवणला १९९६ साली एक पाहणी झाली. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी, जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमात. शिकवून तयार केलेले गावकरीच घरोघर गेले, चार हजारांवर मोठ्या माणसांना विचारलं: कुठे दुखतं? माणसाचं चित्र दाखवायचे, बोट ठेवा म्हणायचे. शेकडा अठराच्या आसपास लोकांना काही ना काही दुखत होतं. त्यातला हा आमवात सुमारे अर्धा टक्का. दोनशे माणसांत एक. आपल्याकडच्या खेड्यात दोनशे माणसं म्हणजे एक आळी. माझ्या आजीच्या आळीला करणीच माहीत होती, आणि आजी १९९४ मध्ये गेली. आमच्या गावात कुणी आलंही नसतं, पण मी तरी ते अंतर मोजलंच: दोन वर्षं आणि काही किलोमीटर.

आता लेक एकोणीसची आहे, बंगळूरला शिकते. गेल्या सुट्टीत तिने कपाटातून ती पाटली काढली आणि फटीतून सरळ मनगटात घातली. "मस्त आहे की," म्हणाली, "हल्ली अशाच मिळतात, उघड्या." मग विचारलं, "मी पण ती टेस्ट करून घेऊ का?"

मी यावर वाचलेलं होतं. स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये जपून ठेवलेल्या जुन्या रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा दिसलं, की कित्येकांच्या रक्तात या टेस्टमध्ये सापडणारी प्रतिपिंडं दुखणं सुरू व्हायच्या काही वर्षं आधीपासून होती. मग प्रश्न आला, की तेव्हाच औषध दिलं तर? २०२४ मध्ये ब्रिटन-नेदरलँड्सच्या एका चाचणीचे निकाल आले. रक्तात प्रतिपिंडं आहेत, सांधे दुखतात, पण सूज नाही, अशा २१३ जणांपैकी निम्म्यांना वर्षभर ॲबाटासेप्ट नावाचं औषध दिलं. वर्षअखेरीला औषधवाल्यांत ६ टक्क्यांना आजार झाला, दुसऱ्यांत २९. आणखी वर्षाने, औषध बंद असताना, २५ आणि ३७. म्हणजे आजार लांबला, पण पुरता टळला असं नव्हे. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाल्या, काही होत नसताना तपासून पोरीला आत्तापासून रुग्ण करू नका. सिगारेटपासून लांब राहू दे, दात सांभाळू दे, आणि सकाळकडे लक्ष ठेवा.

म्हणून आमचा रविवार रात्रीचा व्हिडिओ कॉल असतो. ती आधी माझी गोळी बघते, पाण्याचा पेला बघते. मग मी म्हणते, मूठ दाखव. "अगं आई, रात्रीचे दहा वाजलेत, सकाळी बघायची असते ना?" म्हणते, पण दाखवते. पाटली अजून तिच्याच हातात आहे. मूठ वळली, की तिचं उघडं तोंड फोनच्या काठावर टकटक वाजतं.